एकतीस गुणांचा कंत्राटदार

सोमवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. अकोल्यातील एका प्रसूती रुग्णालयाच्या नवजात कक्षात शीतयंत्राच्या दोन कॉम्प्रेसरपैकी एक जळाला. अर्ध्या तासात कक्ष चौतीस अंशांवर गेला. बावीस बाळांना पाळण्यांसकट तळमजल्यावरच्या एका खोलीत दाटीवाटीने हलवण्यात आले. सन २०६३मधली सर्वांत मोठी उष्णलाट शुक्रवारी येणार होती. अंदाज पन्नास अंशांचा होता आणि तळमजल्याची खोली तेवढे सोसणारी नव्हती.

मुख्य अभियंता चारुलता गावंडे यांच्या हाती चार दिवस होते. तरी त्या निर्धास्त होत्या, कारण त्यांच्यापाशी 'प्रतिवास्तू' होती. ही इमारतीची संगणकातली जुळी बहीण. कक्षातल्या तापसंवेदकाच्या अकरा वर्षांच्या नोंदी शिकून ती त्यांनी स्वतः घडवली होती. कंत्राटदाराने आराखडा द्यायचा, प्रतिवास्तूने तो वर्षभर चालवून पाहायचा आणि विश्वासार्हतेचे गुण सांगायचे. ओळखपाळख नाही, वशिला नाही. राज्यात असे पहिले काम आपण केले, हे त्या अभिमानाने सांगत आणि तो अभिमान खोटा नव्हता.

मंगळवारी तीन आराखडे आले. पहिल्याला अठ्ठ्याण्णव गुण, दुसऱ्याला त्र्याण्णव. दोघांनीही तीस टनांचे नवे यंत्र सुचवले होते. तिसरा शकील मिर्झाचा. साठीचा, चाळीस वर्षे याच धंद्यातला माणूस. त्याने लिहिले होते, जुने बारा टनांचे यंत्रच पुरेल, जळालेला कॉम्प्रेसर बदला, हवानलिका दुरुस्त करा. गुण एकतीस. साठच्या खालच्याला काम द्यायचे नाही, असा नियम होता.

"एकतीस?" मिर्झा हसला. "शाळेत मला याहून कमी पडायचे, मॅडम. पण तिथं निदान मास्तर वर्गात यायचे. हे बाकीचे दोघे कक्षात येऊन गेले का?"

"यायची गरज नव्हती. प्रतिवास्तूचे सगळे आकडे त्यांना दिले होते."

"मग त्यांनी तुमचेच आकडे तुम्हाला परत दिले."

चारुलता चिडल्या. "मिर्झाभाई, अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. शीतयंत्र सतत चालूनही संवेदक तीस-एकतीस दाखवतो. याचा अर्थ कक्षात येणारी उष्णता बारा टनांच्या आवाक्याबाहेरची आहे. साधं गणित आहे."

"गणित बरोबर आहे. मी काल तासभर तिथं उभा होतो. खिडकीकडची बाजू तापते, दाराकडची गार राहते. उष्णता जास्त असती तर सगळा कक्ष सारखा तापला असता. छतामागं नलिका फाटलीय, गार हवा पोकळीत जातेय. आणि तीस टनांचं यंत्र बसवलंत तर ते पाच मिनिटांत गार करून थांबेल, मग परत सुरू होईल. दर वेळी चार अंशांचा हेलकावा. कमी दिवसांच्या लेकरांनी तो सोसायचा?"

"आणि संवेदक खोटं बोलतो म्हणता?"

"ते मला नाही, ताईंना विचारा."

ताई म्हणजे कुसुम तायडे, कक्षाच्या मुख्य परिचारिका. त्यांनी आधी पदर सावरला, मग सांगून टाकले.

"अवो मॅडम, खिडकीकडची लेकरं घामेजली की मंग काय करावं? ते यंत्र लय आळशी. भिंतीवरच्या त्या डबीवर गरम पाण्याचं फडकं ठेवलं की लगेच पळते. आम्हाले जुन्या सिस्टरनं शिकवलं. आता सगळ्याच करतात."

"किती वर्षांपासून?"

"मी आली तवापासून. बारा झाली."

चारुलतांना उलगडा झाला. प्रतिवास्तू खोटे काही शिकली नव्हती. संवेदकावरच्या फडक्याची ऊब तिने कक्षाची ऊब मानली होती आणि आजारी इमारतीलाच निरोगी समजून तिच्याशी जुळणाऱ्याला गुण दिले होते. ते गुण विश्वासाचे नव्हते, सहमतीचे होते. ज्याने इमारत खरोखर तपासली, तोच नापास होणार होता. शुद्ध नोंदी जमवायला आणखी एक वर्ष लागले असते.

"मग मी तुमच्यावर कशावरून विश्वास ठेवू?" त्यांनी मिर्झाला विचारले.

"ठेवू नका. आज नलिका सांधतो. उद्या दुपारी, अर्ध्याच यंत्रावर, दोन तासांत कक्ष सत्तावीसवर आला नाही तर मला काम देऊ नका."

बुधवारी दुपारी बाहेर सेहेचाळीस अंश होते. दोन तासांनी चारुलतांनी स्वतःच्या तापमापीने पाळण्यांच्या पाच जागी मोजले. सगळीकडे सत्तावीस पूर्णांक चार.

"झालं की, मिर्झाभाई!"

"नाही झालं. चार दशांशांनी चुकलो." त्याने खिशातल्या वहीत तारीख घालून ते टिपले. "दाराची फट धरली नव्हती मी. तीही बुजवतो."

चारुलतांनी मिर्झाचा अर्ज उघडला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'प्रतिवास्तूचा निर्णय मी रद्द करत आहे. चूक तिच्या निर्मातीची आहे.' खाली पूर्ण नाव घातले. प्रतिवास्तू उभी केली त्या दिवशीही त्यांची मान इतकी ताठ नव्हती.

गुरुवारी नवा कॉम्प्रेसर बसला. संध्याकाळी बाळे वर आली.

शुक्रवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे. बाहेर पन्नास पूर्णांक एक. कक्षात सव्वीस पूर्णांक तीन. पाळणे तेवीस, एक बाळ सकाळीच जन्मले. दोन्ही कॉम्प्रेसर न थांबता चालू आहेत. लाटेचा कळस साडेचारला अपेक्षित आहे.