बोंबल्याच्या घशातला गळ

रुतलेली वस्तू बाहेर काढायची असेल, तर ती आधी आणखी आत का ढकलायची? केतकी खोबरेकरला हा प्रश्न पडला तेव्हा तिच्या बोंबल्याच्या जिवावर बेतलं होतं, त्यामुळे तिला डॉक्टरांचा चक्क राग आला.

बोंबल्या म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू, लांबुळकं आणि पांढरं. त्या दुपारी ते मासळीच्या धक्क्यावर काहीतरी हुंगत होतं आणि अचानक मान ताणून खोकू लागलं. तोंडातून लाळेची धार लागली. केतकीच्या घरी घशात माशाचा काटा अडकला, की भाताचा गोळा न चावता गिळायला लावतात. तिनं तेच केलं. बोंबल्या पक्का खादाड, त्यानं त्या अवस्थेतही गोळा गिळला आणि मग कण्हत खालीच बसला. तेव्हा कुठे केतकीला त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लोंबणारी तंगूसाची (मासेमारीच्या नायलॉनची) दोरी दिसली. पठ्ठ्यानं आमिषासकट मासेमारीचा गळ गिळला होता!

बाबांनी दोघांना विजेच्या होडीत घातलं आणि खाडीपलीकडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणलं. तिथे डॉक्टर शर्वाणी नार्वेकर होत्या आणि त्यांचा यंत्रमानव वळवळ्या. यंत्रमानव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हातपाय येतील, पण वळवळ्याला त्यातलं काही नव्हतं. बोटाएवढी जाड, हवी तशी वाकणारी एक लांब पोकळ नळी, टोकाला कॅमेरा आणि चिमुकला चिमटा. बोलायचा मात्र अगदी पुस्तकासारखा.

टेबलाच्या काचेत क्ष-किरणांचं चित्र (शरीरातली हाडं आणि धातू दाखवणारं चित्र) उमटलं. बोंबल्याच्या छातीत एक लखलखीत आकडा दिसत होता.

"गळ अन्ननलिकेत, म्हणजे घशापासून जठरापर्यंत (पोटातल्या अन्नाच्या पिशवीपर्यंत) जाणाऱ्या नळीत आहे," वळवळ्या म्हणाला. "हृदयाच्या अगदी शेजारी."

"बाबा, ह्यो वाचतलो मा?" केतकीनं विचारलं. बाबा नुसते दोरीकडे बघत राहिले.

एवढ्यात बोंबल्याला ढास लागली आणि दोरी बोटभर आत गेली. बाबांचा हात आपसूक पुढे आला, त्यांनी दोरी पकडली.

"ओढू नका!" डॉक्टर ओरडल्या. एवढ्या जोरात, की बाबांनी दोरी सोडून हात मागे घेतला.

"पण ओढली तर गळ बाहेर येईल ना?" केतकी रडवेली झाली. "नाहीतर त्याला उलटी करवा!"

"चित्र नीट बघ," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नव्हते, त्या भुलीचं इंजेक्शन भरत होत्या. "गळाचं टोक कुठे बघतंय?"

केतकीनं पाहिलं. गळ खाली जाऊन वळला होता आणि त्याचं टोक वर, तोंडाच्या दिशेनं वळलं होतं.

"दोरी ओढली किंवा उलटी करवली, की गळ वर येणार आणि टोक नळीच्या भिंतीत घुसणार. शिवाय टोकाला उलटा काटा (घुसतो सहज, निघताना अडकतो असा दात) असतो. तो अजून अर्धाच रुतलाय. एक हिसका बसला तर पूर्ण रुतेल. भिंतीला भोक पडलं, तर पलीकडे हृदय आहे."

"मग काय करायचं?"

"गळ आधी खाली ढकलायचा."

इथेच केतकीला राग आला होता. बाहेर काढायला आणलेला गळ ही बाई आत ढकलणार!

"विचार कर," वळवळ्या म्हणाला. "टोक वर बघत आहे. गळ खाली गेला, तर टोक कोणत्या दिशेला सरकेल?"

केतकीनं आपलं बोट गळासारखं वाकवलं, दुसऱ्या हाताच्या मुठीत अडकवलं आणि खाली ढकललं. बोटाचं टोक मुठीतून सुटलं. ज्या वाटेनं घुसलं होतं, त्याच वाटेनं मागे आलं.

"सुटतं!" ती म्हणाली.

"सुटलं, की वळवळ्या त्याला आपल्या पोटात घेईल. टोक वळवळ्याच्या नळीत झाकलं, म्हणजे येताना कुठे ओरखडणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि याला काही खायला दिलंय का?"

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. "भाताचा गोळा."

भुलीत स्नायू सैल पडतात. गिळलेला भात वर येऊन श्वासनलिकेत गेला, तर पिल्लू गुदमरणार. डॉक्टरांनी बोंबल्याला भूल दिली, श्वासनलिकेत एक नळी घातली आणि नळीभोवतीचा छोटा फुगा फुगवला, म्हणजे भाताची वाट बंद. दोरीचं बाहेरचं टोक वळवळ्याच्या पोकळीतून ओवून त्याच्या शेपटाकडून बाहेर काढलं. मग वळवळ्या दोरीवरून सरकत आत शिरला.

पडद्यावर नुसतं पांढरं दिसू लागलं.

"कॅमेऱ्यावर भात आहे," वळवळ्या म्हणाला. "मला काहीही दिसत नाही. कोणाला तरी दोरी धरून, गळ कधी सुटतो ते सांगावं लागेल."

डॉक्टरांचा एक हात बोंबल्याच्या जबड्यावर होता, दुसरा नळीला जोडलेल्या श्वासाच्या पिशवीवर. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"माज्या हातात दोरी देव नकात," बाबा म्हणाले. "दोरी जरा हलली, की माजो हात हिसको देता. गळ टाकून टाकून जन्माची सवय. केतकीक द्या."

केतकीनं दोरी दोन बोटांत धरली. पलीकडे बोंबल्याचा जीव होता आणि तिला प्रचंड भीती वाटत होती.

"ताठ ठेव, पण ओढू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "ती आत जायला लागली, तर जाऊ दे."

वळवळ्या सरकला, थांबला. "गळाच्या वळणाला टेकलो. ढकलतो."

दोरी बोटांतून आत खेचली गेली. केतकीच्या मनगटातही बाबांचीच सवय असावी. घट्ट आवळावं, ओढावं, बोंबल्याला परत आणावं असं तिला वाटलं. तिनं ओठ चावला आणि दोरी सोडत गेली. दोरी थोडी आत सरकली, अडली. पुन्हा थोडी सरकली. मग एकदम हलकी झाली.

"सुटला!" ती किंचाळली.

"आता हळूच स्वतःकडे घे," डॉक्टर म्हणाल्या.

तिनं घेतली. दोरीला बारीकसा धक्का जाणवला.

"गळ माझ्या आत आहे, टोकासकट," वळवळ्या म्हणाला. "बाहेर येतो."

तो आला. भातानं माखलेल्या त्याच्या तोंडात तो आकडा अडकून बसला होता. डॉक्टरांनी वळवळ्याला धुऊन पुन्हा आत पाठवलं. अन्ननलिकेच्या भिंतीवर एक लालसर ओरखडा होता, भोक नव्हतं.

"काही दिवस औषध आणि मऊ खाणं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि यापुढे दोरी दिसली, तर ओढायची नाही, उलटी करवायची नाही, काही भरवायचं नाही. सरळ इथे यायचं."

बाबा खाली बसले आणि तोंड झाकून रडले. केतकीनं त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तीही रडली. भूल उतरताना बोंबल्याचे पाय झोपेतच धावायला लागले.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "समुद्रातली कासवंसुद्धा गळ गिळतात. त्यांचं काय?"

"मोठ्या कासवाची अन्ननलिका बरीच लांब असते. माझी लांबी पुरणार नाही," वळवळ्या म्हणाला.

"मग मी तुला लांब करीन," केतकी म्हणाली. "आधी मला दाखव, तू वाकतोस कसा."

वळवळ्यानं डॉक्टरांकडे कॅमेरा वळवला. त्यांनी मान डोलावताच तो टेबलावर, केतकीच्या हाताजवळ, आडवा झाला.