ढालीवरचं जहाज

सर अँब्रोज थर्कल हे उसाच्या मळ्यांच्या एका बेटावर गव्हर्नर होते तेव्हा मी त्यांचा चिटणीस होतो. ते सांगत, मी लिहीत असे, सही त्यांची. निवृत्त होऊन ते डॉर्सेटमधल्या या घरी आले, तेव्हा मलाही सोबत घेऊन आले. मार्चमध्ये राणीसाहेबांनी त्यांना बॅरोनेट केलं. हा किताब पिढीजात, बापामागून थोरल्या मुलाला मिळणारा. त्याबरोबर घराण्याला ढालीच्या आकाराचं मानचिन्ह मिळालं. ते रंगवून देण्याबद्दल मी लंडनच्या लिजेट नावाच्या चित्रकाराला लिहिलं: निळी ढाल, तिच्यावर उसाच्या तीन कांड्या. बस्स.

चित्र आलं. उसामागे, अगदी कडेला, नखाएवढं एक जहाज होतं.

"मी सिंह येणार म्हणून वाट बघतेय, आणि आलं काय तर गलबत!" घर सांभाळणाऱ्या मिसेस टॅपर हसल्या.

सर अँब्रोजनी भिंग मागवलं. बराच वेळ बघत राहिले.

"निशाण पिवळं आहे," ते म्हणाले. "परत पाठव."

पिवळं निशाण म्हणजे जहाजावर रोगाची साथ. असं एक जहाज आमच्या बेटावरही आलं होतं, उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन. मळेवाले घाबरले. सर अँब्रोजनी हुकूम काढला: जहाज बंदरात येता कामा नये, एकही होडी त्याच्याकडे जाता कामा नये. जहाजावरचं पाणी संपलं होतं. माझ्या कचेरीच्या खिडकीतून ते दिसायचं. सुरुवातीला वाऱ्याबरोबर हाका यायच्या. अकराव्या दिवशी वारा होता, हाका नव्हत्या.

लंडनला पाठवायचा अहवाल सांगताना सर अँब्रोज एका जागी अडले. "जहाजावर पाणी..." म्हणाले आणि थांबले.

"पुरेसं होतं?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी तो शब्द लिहिला.

दुसरं चित्र आलं. जहाज मोठं झालं होतं, बाजूंनी दोरांना रिकाम्या बादल्या लोंबत होत्या. तेही परत पाठवलं. तिसऱ्या चित्रात ऊसच नव्हता. सबंध ढालीवर जहाजाचा कठडा आणि कठड्याशी माणसं. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. उघडी.

सर अँब्रोजनी ते परत करू दिलं नाही. न्याहारीच्या टेबलावर समोर टेकवून ठेवलं.

"पास्को, तो शब्द तुझा होता."

"हो, सर."

"पण मी अडलो का होतो, ते तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

चहा तसाच निवला.

गुरुवारी भर दुपारी लिजेट स्वतःच आला. ठेंगणा, घामाघूम, चिडलेला.

"माझी थट्टा चालवलीय का, मिस्टर पास्को? जहाज काढा म्हणून तुम्हीच लिहिता, काढलं की तुम्हीच परत पाठवता!"

त्यानं तीन पत्रं टेबलावर आपटली. अक्षर माझं होतं. शब्दाच्या शेवटी शेपूट ओढायची माझी खोड, तीसुद्धा. जहाजाची लांबी, बादल्या, दोर, हाका कोणत्या दिवशी थांबल्या, सगळं होतं. मी त्यातली एकही ओळ लिहिली नव्हती.

"हे कधी लिहिलंस?" सर अँब्रोजनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. आणि ते खरंही ठरलं असतं.

"तेव्हाच लिहायला हवं होतं," मी म्हणालो, आणि त्या परक्या माणसासमोर सगळं सांगून टाकलं. खिडकी, वारा, तो एक शब्द. सर अँब्रोजनी मला अडवलं नाही. फक्त शेवटी म्हणाले, "माझ्या मुलालाही हे कळव. किताब त्यालाच मिळणार आहे."

लिजेटचा राग ओसरला होता. तो तिसऱ्या पत्राकडे बोट दाखवत हळूच म्हणाला, "मग खाली हे काय आहे?"

मी पाहिलं. पत्राखाली माझी सही नव्हती. अंगठे होते. पान उलटलं, तर मागची बाजूही भरून, दाटीवाटीनं उमटवलेले.

शेवटचा इतका लहान होता की कुणीतरी हात धरून तो टेकवला असावा.