हद्दीवरची म्हातारी

बसा. मोबाईल उपडे ठेवा. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच घर गाठावं.

नंदलाल आपल्याच गावचा. एका पोलीस ठाण्यात भाड्याची जीप चालवायचा. ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. त्यानं हे मला याच खाटेवर बसून सांगितलं. तो खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल त्याला नाही.

गेल्या माघातली पौर्णिमेची आदली रात्र. शिपाई सगळे कचारगडच्या जत्रेला बंदोबस्तावर. ठाण्यात जमादार दुलीचंद आणि नंदलाल. कापडवाल्याचा फोन आला, दुकानासमोर दोघं पडून आहेत. जमादार आणि नंदलाल जीप घेऊन गेले.

एक बँकेचा साहेब, दारू पिऊन नालीकाठी आडवा. दुसरी दुकानाच्या पायरीवर राहणारी म्हातारी, तापानं फणफणलेली.

जमादारानं तिला काठीनं टोचलं. “ए बुढिया, उठ.” उठवेना. मग पोतं टाकावं तशी तिला मागे टाकली. साहेबाला मात्र काखेत हात घालून उठवलं. “आइए साहेब, आराम से.” पुढची सीट दिली. त्याचा निघालेला बूट स्वतः हातात धरला. बंगल्याच्या फाटकात साहेबाच्या बायकोला म्हणाला, “साहेबांची तब्येत बिघडली होती, वहिनी.”

ऐकलंत? दारुड्याची तब्येत बिघडते. तापाची म्हातारी मात्र पोतं होते. मी चौथी नापास आहे, पण असला न्याय मला कुणी शिकवला नाही हे बरंच झालं.

जमादार ठाण्यावर उतरला. म्हणाला, “हिले नाल्याच्या पुलापलीकडं टाकून ये. अर्ध्या पुलापासून दुसऱ्या ठाण्याची हद्द. इथं मेली त पंचनामा माझ्या बोडक्यावर.”

“जमादारसाहेब, सरकारी दवाखाना वाटेतच आहे.”

“काऊन? तुयी मावशी व्हय का?”

नंदलाल निघाला. थंडी अशी की काच पुसावी लागे. मागून आवाज आला.

“बाबू, त्या साहेबाले घरी सोडलं ना?”

“हो, माय.”

“मले बी सोड.”

“घर कुठं आहे तुझं?”



दवाखान्याचा दिवा दिसला. पाय ब्रेकवर गेला. जमादार आठवला. पाय परत आला.

पूल ओलांडून त्यानं तिला शेताच्या धुऱ्यावर, धानाच्या तणसावर ठेवलं. मागे वळून पाहिलं नाही. जीप फिरवली.

पूल मागे पडला. थोडं अंतर गेलं.

“बाबू…”

त्यानं जीप थांबवली. मागचं दार उघडलं. कुणी नाही. पुन्हा निघाला. आरशात बघायचं नाही, असं ठरवलं. पुढे दवाखान्याचा दिवा आला. जवळ आला. बाजूनं गेला.

“दवाखाना गेला ना रे, बाबू…”

आवाज अगदी कानामागून. आणि गार.

त्यानं जीप वळवली. तिला आणायलाच वळवली, असं तो शपथेवर सांगतो. पुलावर जीपचा उजेड पडला. मधोमध म्हातारी पालथी. रांगत आली होती. तोंड गावाकडे. हात पुढे.

त्यानं हाक मारली.

…

अंग केव्हाच थंड पडलं होतं.

सकाळी दोन ठाण्यांचे जमादार आले. टेप लावून पूल मोजला. डोकं यांच्या हद्दीत, पाय त्यांच्या. दुपारपर्यंत भांडले. म्हातारीवर चादर घालायचं कुणाला सुचलं नाही. बँकेचा साहेब गाडीतून गेला. काच खाली करून म्हणाला, “अशा लोकांनी गावाची रया घालवली.” शेवटी बेवारस म्हणून पुरली.

नंदलालनं जीप सोडली. आवाज सुटला नाही. रोज रात्री, “मले बी सोड.” पोरगा वाळत चालला. त्याची आई खमकी. म्हणाली, “तिचं दिवसपाणी कोणी केलं नाही. आपण करू.”

आपल्याकडे दहाव्याला मेलेल्याच्या घरी पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठातला ठसा बघतात, मेलेला कोणत्या रूपात घरी येऊन गेला ते कळतं. कुणाचं पाखराचं पाऊल, कुणाचं गाईचं. पण हिचं घर कोणतं? आई पीठ घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली, तर कापडवाल्यानं हाकललं. “गिऱ्हाईक बिचकते.” मग आईनं आपल्याच ओसरीत पीठ पसरलं.

रात्रभर दोघं दाराशी बसून होते. कुणी आलं नाही. टोपली हलली नाही. आवाजही आला नाही.

उजाडलं. आईनं टोपली उचलली.

पाऊल नव्हतं.

दोन हाताचे पंजे होते. बोटं घराच्या आत वळलेली.