टक् आधी, रेघ नंतर

"पाना खाली ठेव. तुझ्या हातचं एक चाक माझ्या गुडघ्यात अजून दुखतंय... तेवढं पुरे झालं मला."

बाबा हे ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. मग ताईही ओरडली असती, आईने मधे पडून दोघांनाही झापलं असतं आणि चहाबरोबर सगळं पोटात गेलं असतं. पण बाबा बुटक्या स्टुलावर बसून, मान वर न करता, शिकवणीतल्या माणसाला 'क्लच हळू सोडा' म्हणावं तसे थंडपणे बोलले, आणि ताईच्या हातातला पाना आपोआप खाली गेला. तिने विचारलं होतं एवढंच, की आज तरी चाकं मी आवळू का. इतक्या वर्षांनी त्यांची जुनी लाल गाडी पुन्हा शर्यतीला निघाली होती, आणि जी पोरगी त्या गाडीचा एकेक नट डोळे मिटून ओळखेल, तिनेच गाडीपासून हातभर लांब उभं राहायचं होतं.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती काम करते त्या टायरच्या दुकानात मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून इथेही ताई. आणि बाबा म्हणजे बाहेरच्यांचे मास्तर, मोटार शिकवणीचे. आयुष्य गेलं लोकांना हळू चालवायला शिकवण्यात. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी जादाचा ब्रेक, आणि स्टिअरिंगवर अशी माणसं की समोर कुत्रं आलं तर डोळेच मिटून घेतील. आई म्हणते, दिवसभर गोगलगायीसारखं फिरून यांच्या अंगात जो वेग साठतो ना, तो हे डोंगरावर जाऊन ओतून येतात. डोंगरावरची शर्यत साधी असते. वळणांचा रस्ता बंद करतात, खालून एकेक गाडी सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला ते बघतात. बाबांना बक्षीस वगैरे फारसं कधी मिळालं नाही. पण शर्यत जवळ आली की त्यांचा चेहरा असा व्हायचा की आईलासुद्धा चिडवावंसं वाटायचं... "अहो, माझ्याकडे असं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं तुम्ही."

ताई लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. एवढी काटकुळी होती की बाबा तिला 'दहाबारा' म्हणायचे, त्यांच्या पेटीतला सगळ्यात बारीक पाना होता ना दहा-बाराचा, तो. ए दहाबारा, जॅक आण. ए दहाबारा, कान लाव, इंजिन काय म्हणतंय सांग. घरचा एक नियम तिनेच केलेला. चाकाचा नट शेवटचा आवळायचा तो मोठ्या पान्याने, पुरेसा आवळला की त्या पान्यातून 'टक्' असा आवाज येतो. तो आला की आईच्या लाल नेलपॉलिशने नटावरून चाकावर एक बारीक रेघ ओढायची. रेघ दिसली म्हणजे आवळलंय, पुन्हा विचारायचं नाही. टक् आधी, रेघ नंतर. बाबांना मात्र एक खोड होती. स्टुलावरून सारखं उठबस नको म्हणून चाक अजून जॅकवर असतानाच ते बसल्या बसल्या सगळ्या रेघा ओढून टाकायचे आणि मग गाडी खाली घेऊन पाना फिरवायचे. ताई त्यावरून भांडायची. बाबा हसायचे. "अगं, क्रम बदलला म्हणून काय चाक रुसतं का?"

चाक रुसलं. काही वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या शर्यतीला निघताना एका चाकाची हवा कमी वाटली म्हणून बाबांनी ते ऐनवेळी बदललं. ताई तेव्हा त्यांचं हेल्मेट तपासून घ्यायला गेली होती. परत आली तर गाडी निघालेली, रेघा जागच्या जागी. तिसऱ्या वळणावर चाक सुटलं, गाडी चरात गेली, बाबांच्या गुडघ्याचा चुरा झाला. ती धावत वर गेली तेव्हा गवतात एक नट पडलेला होता, तो तिने उचलला, आणि ॲम्बुलन्सच्या मागच्या सीटवर बसून उलटा करून बघितला... नटाचं एक तोंड निमुळतं असतं, ते चाकाच्या भोकात घट्ट बसतं, तिथे बाहेरून काही पोचूच शकत नाही. आणि तिथेच, त्या आतल्या उतारावर, नेलपॉलिशचा लाल ओघळ न चेपता सुकलेला होता. म्हणजे रेघ ओढली तेव्हा नट सैल होता. म्हणजे रेघ आधी. टक् आलाच नव्हता.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर बाबांनी पाणी मागितलं नाही, आईला विचारलं नाही. ताईचं मनगट धरून म्हणाले, "मला काही आठवत नाही गं. ते चाक... मी आवळलं होतं का?" त्यांचा हात असा थरथरत होता की पलंगाची सळई वाजत होती. रोज नव्या माणसाला पहिला धडा काय द्यायचे हे? गाडीत बसण्याआधी एकदा भोवती फिरून बघा. त्याच माणसाला आता सांगायचं की तुम्हीच बघितलं नाहीत? ताईला वाटलं, हे ऐकलं तर हा माणूस स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाही. शर्यतीलाच काय, शिकवणीलासुद्धा नाही. आणि तिच्या तोंडातून शब्द निघून गेला.

"मी. मी आवळलं होतं. राहिलं असेल."

एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यात तिने काय दिलं ते तिलाच ठाऊक. पुढच्या हंगामात त्या गाडीत ताई बसणार होती. बाबांनी कबूल केलं होतं, तिच्या मापाचं हेल्मेटही आणून ठेवलं होतं. बरे झाल्यावर बाबा एकच बोलले, की ज्याचा हात विसरतो त्याने पानाही धरू नये आणि स्टिअरिंगही. हेल्मेट माळ्यावर गेलं. दहाबारा हे नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. ताई टायरच्या दुकानात लागली, दिवसभर परक्यांची चाकं आवळायला. आणि तो नट तिने किल्ल्यांच्या कडीत अडकवला. बाबांना वाटायचं, पोरगी स्वतःचा अपराध मिरवतेय. खरं तर दुसऱ्या कुणाच्या हातात तो पडू नये, कुणी तो उलटा करून बघू नये, म्हणून ती तो स्वतःजवळून हलू देत नव्हती.

आणि आज सकाळी, पाना खाली ठेवून ती उभी असताना, तिच्या लक्षात आलं की बाबा स्टुलावर बसून रेघा ओढताहेत. चाक अजून हवेत होतं.

अपघाताचं खापर तिने स्वतःवर घेतलं होतं ना... मग ती खोड सुटणार कशी? ज्या चुकीपासून तिने त्यांना वाचवलं तीच चूक जिवंत ठेवून दिली होती तिने, स्वतःच्या हाताने, प्रेमाने. हा विचार तिला आधी कधीच आला नव्हता, आणि आता आला तो जायचं नाव घेईना. घरच्या घरी तरी चारही चाकांचा टक् तिने मोजून ऐकला. पण डोंगरापर्यंत आईच्या स्कूटरवर मागे बसून जाताना ती मनातल्या मनात ते टक् पुन्हा मोजत होती. आईने दोनदा विचारलं की बरं वाटत नाही का. ती नुसतीच हूं म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशी मैदानात गाड्या ओळीने उभ्या होत्या, पेट्रोलचा वास, भोंग्यावर कोणीतरी सारखा बडबडत होता. बघणाऱ्यांसाठी दोरी बांधलेली, ताई दोरीच्या अलीकडे. बाबांनी मागचं एक चाक हाताने दाबून बघितलं, नाक मुरडलं, जॅक लावला. ताईने दोरी मुठीत धरली. तेच... अगदी तेच. जुनं चाक उतरलं, नवं चढलं, स्टूल आलं, नेलपॉलिशची बाटली आली. तेवढ्यात बँकेतल्या एक बाई हात हलवत आल्या. बाबांच्या जुन्या विद्यार्थिनी, मागे गाडी घ्यायला अजून घाबरतात पण मास्तरांचं कौतुक करायला कुठेही पोचतात. त्यांच्या मागे त्यांचं सगळं खटलं उभं राहिलं, गाडी दिसेनाशी झाली. माणसं हलली तेव्हा गाडी जमिनीवर होती, स्टूल घडी घातलेलं, आणि भोंगा बाबांचा नंबर पुकारत होता. मधे पाना फिरला की नाही? टक् झाला असेल, भोंग्यात ऐकू आला नसेल... की झालाच नसेल?

गाडी रांगेत सरकली तशी ताई दोरीच्या कडेकडेने पळाली आणि वाकून चाकांकडे बघितलं. पुढच्या चाकाच्या रेघा नटाजवळ केसभर तुटलेल्या. साहजिक आहे, रेघ ओढल्यावर नट आवळला तर तो फिरतो आणि रेघ मोडते. आणि मागच्या चाकाच्या रेघा? सरळ. सुंदर. शाळेतल्या वहीत आखाव्या तशा. कुणीही बघून म्हणालं असतं, वा, हे चाक व्यवस्थित आहे. ताईने एकेक रेघ पुन्हा बघितली. सरळ रेघ म्हणजे नट फिरलाच नव्हता.

ती दोरी ओलांडून थेट गाडीपुढे जाऊन उभी राहिली. मागून हॉर्न, शिट्ट्या, झेंडा घेतलेले काका धावत आले. बाबांनी काच खाली केली आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. इथे पण? ते म्हणाले, एवढी वर्षं दम धरलास आणि इथे येऊन आडवी पडतेस? ती गाडीच्या मागे गेली. डिकीतून मोठा पाना ओढून काढला, गुडघ्यावर बसली आणि नटाला लावला. नट सहज फिरला. लोण्यात फिरावा तसा.

बाबा लंगडत उतरून आले होते. "तूच सैल केलास," ते म्हणाले. "आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर."

तेव्हा मात्र ताईचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. तिने तो नट भराभरा उलटा फिरवला, पूर्ण काढला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. निमुळत्या तोंडावर नेलपॉलिश, अजून ओलं, कुठेही चेपलेलं नाही. त्यांच्या बोटाला लागलं.

बाबा बघत राहिले. झेंडेवाले काका काहीतरी विचारत होते ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या किल्ल्या दे."

"कशाला?"

"दे."

तिने दिल्या नाहीत. त्यांनीच तिच्या जॅकेटच्या खिशातून काढल्या. जुना नट आणि नवा नट शेजारी शेजारी तळहातावर... एक वाळलेला, एक ओला, लाल डाग मात्र एकाच जागी. बाबांनी एकेका डागावरून बोट फिरवलं, आणि ते बोट बघून ताईला कळलं की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

काकांना त्यांनी सांगितलं की माझी गाडी बाजूला घेतो, जमलं तर शेवटी सोडा. काका कुरकुरले, पण मानले. मग गाडीच्या सावलीत दोघं खाली बसली. आई दोरीपलीकडून बघत होती, आत आली नाही. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे, पण तिने पदराने डोळे पुसले हे खरं.

"का केलंस गं?" बाबांनी विचारलं.

तुम्ही तेव्हा ज्या आवाजात विचारलंत ना, ताई म्हणाली, त्या आवाजाला खरं सांगण्याची हिंमत झाली नाही माझी.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गाड्या एकामागून एक वर जात होत्या आणि प्रत्येक गाडीचा आवाज वळणामागे विरेपर्यंत दोघंही नकळत कान देत होती. मग बाबा म्हणाले की नाही जात मी. गाडी घरी नेऊ. माझ्यासारख्याने परत बसायचंच नाही, ज्याने स्वतःच्या पोरीला...

"बसायचं," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "आता नाही बसलात तर मी उगाचच गप्प बसले, बाबा. माझी सगळी वर्षं तुम्ही चरात घालाल. रडायचं असेल तर वर जाऊन रडा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मोठा पाना उचलला आणि दांड्याची बाजू तिच्याकडे केली.

"चल, दहाबारा."

तिने डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं आणि मागच्या चाकापासून सुरुवात केली. टक्. रेघ. टक्. रेघ. चारही चाकं, प्रत्येक नट. बाबा तिच्या मागे मागे लंगडत होते, बाटली धरून, आणि टक् ऐकल्याशिवाय झाकण उघडत नव्हते.

शेवटी त्यांचा नंबर आला. बेल्ट ताईने लावला. तिचा हात त्यांच्या छातीवर होता तेव्हा तिला आतली धडधड लागली, घाबरलेल्या पाखराची असते तशी. चाकं ठीक होती, पण तो गुडघा, ते तिसरं वळण, इतक्या वर्षांची सुटलेली सवय, या सगळ्याला तर पाना लागू पडत नव्हता.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"हो."

"मलाही."

बाबा पुढे वाकले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हलले, आणि झेंडा वर गेला तेव्हा कुठे शब्द बाहेर पडले.

"ते हेल्मेट... माळ्यावरचं... आज उतरव. अजून पुष्कळ बोलायचंय तुझ्याशी. पण आता बाजूला हो, पोरी. मला निघायला हवं."