लीकेज आहे, लीकेज!

“परेश, गोणपाट ओढ ना! नुसता बघत काय उभा राहिलायस?” रिया म्हणाली.

“ओढतोय! पन थांब, आत कायतरी हाय. हललं!”

“उंदीर!” अफशीन दोन पावलं मागे सरकली.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता. करंजाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघांना किल्ला करायचा होता आणि किल्ल्याला गोणपाट हवंच. मीटररूमच्या कोपऱ्यात ते कधीपासून पडून होतं. रियाने खाली बसून त्याची घडी अलगद उघडली. आत उंदीर नव्हता. तिच्या मुठीएवढं एक मांजराचं पिल्लू होतं. डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर राखाडी पट्टे. त्याने तोंड केवढं तरी मोठं उघडलं, पण आवाज निघाला अगदी बारीक.

“काबरीचं पिल्लू!” परेश ओरडला.

काबरी म्हणजे पार्किंगमधली मांजरी. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे डाग, शेपटीचं टोक वाकडं. तिला पिल्लं झालीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती कुठे ठेवलीत हे कोणालाच सापडलं नव्हतं.

“हात लावू नका,” रिया म्हणाली. “आपण लांब जाऊया. ती येईल.”

तिघं खांबामागे लपून बसले. काबरी नेहमी हाकेला धावत यायची, आज मात्र तिचा पत्ता नव्हता. परेशने ‘पिस पिस’ करून पार्किंगला दोन चकरा मारल्या. शेवटी अफशीनने पाहिलं की गोणपाटावर लाल मुंग्या चढताहेत.

“या अल्लाह! चावतील त्याला! आता तरी उचल, रिया!”

रियाने पिल्लू उचललं. ते गार होतं. रोज संध्याकाळी पायांत येऊन घोटाळणारी काबरी आपल्या पिल्लाला असं टाकून जाईल? रियाला ते पटेचना.

रियाच्या घरी प्राणी म्हटलं की दरवाजा बंद, अफशीनच्या घरी पाहुणे आलेले. म्हणून वरात पहिल्या मजल्यावर परेशच्या घरी गेली. त्याची आई, दमयंतीकाकू, करंज्या तळत होत्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं आणि गॅसच बंद केला.

“अगं बाय माझे! कवरं गार परलंय! थांबा, दूध गरम करते.”

“गाईचं दूध चालतं त्याला?” रियाने विचारलं.

“लेकराला दूध नाय तर काय चकली देतात?”

पण रियाला खात्री वाटेना. तिने सुकापूरच्या दवाखान्यात फोन लावला. प्राण्यांच्या डॉक्टर रंजिता मॅडम फोनवर जवळजवळ ओरडल्याच. “गाईचं दूध अजिबात नको! जुलाब होऊन जाईल ते! आणि गार पिल्लाला आधी ऊब द्या, मग खाणं. घेऊन या इकडे.”

काकूंनी गरम पाण्याची बाटली मोज्यात घातली, पिल्लू तिला टेकवून ठेवलं आणि रिक्षा थांबवली. करंज्यांचं पीठ तसंच वाळत राहिलं.

मॅडमनी मांजराच्या पिल्लांची खास पावडर दिली आणि सुई नसलेली सिरिंज. “पोटावर ठेवून पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन तासांनी. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हळू पुसायचं, म्हणजे शू होईल.”

“शूसुद्धा आपण करवायची?” परेशचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“आई चाटून करवते. आता आई तुम्ही! पण खरं सांगू? पिल्लू फार लहान आहे. त्याची आई जिवंत असेल तर तिला शोधा. पावडर ती पावडरच.”

“टाकून गेली वो ती,” परेश कुरकुरला.

“मांजरी सहजासहजी पिल्लं टाकत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाय टाकत,” काकू म्हणाल्या. “पिल्लांना सात घरं फिरवते ती. तोंडात धरून एकेक नेते.”

रिक्षात बसता बसता रिया एकदम थांबली.

“एकेक! काकू, एकेक नेते! म्हणजे काबरी घर बदलत होती. हे पहिलं पिल्लू तिने गोणपाटात आणून ठेवलं आणि दुसरं आणायला परत गेली.”

“मग आली का नाय?” परेश म्हणाला.

“कारण तिला येता आलं नाही!”

संध्याकाळी पिल्लाला पाजून तिघं पार्किंगमध्ये उतरले. मीटररूमजवळून काबरीला जाण्यासारख्या जागा तरी किती? पाण्याची टाकी बंद, जिन्याखाली नुसत्या सायकली. उरला डक्ट, म्हणजे सगळ्या बाथरूमचे पाइप ज्यातून खाली येतात ती उभी पोकळी. तिचं तळाचं दार कित्येक महिने मोडलेलं होतं.

आज ते दार नव्हतंच! तिथे नवीकोरी सिमेंटची शीट होती, स्क्रू मारलेली, फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने बुजवलेल्या, वरून गुलाबी रंग. रंगावर सोनेरी पंख चितारलेले. समोर लाल गालिचा, दोन्ही बाजूंना आकाशकंदील आणि वर थर्माकोलची अक्षरं: ‘सेल्फी पॉइंट’.

“सकाळी तर इथे नुसता पडदा सोडलेला होता,” अफशीन पुटपुटली.

रियाने दोन सोनेरी पंखांच्या मधोमध कान लावला. आधी पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला. मग खरवडल्याचा. आणि मग म्याव! घसा बसलेली, दमलेली म्याव.

“काबरी!” परेशने शीटवर हात आपटला. “काबरी आत हाय! चिनून टाकली तिला!”

सोसायटीचे सेक्रेटरी चारुदत्तकाका पहिल्या मजल्यावरच राहायचे. तिघांनी त्यांची बेल अशी दाबली की काका हातातल्या चहाच्या कपासकट दारात आले.

“मांजर? डक्टमध्ये? छे छे. पाइपचा आवाज असतो तो. एअर अडकते.”

“एअर म्याव करते?” अफशीनने विचारलं.

“हे बघा मुलांनो, कबुतरं आणि मांजरांची घाण नको म्हणून डक्ट सील करायचं मीटिंगमध्ये ठरलंय. प्रोसिजर असते. उद्या संध्याकाळी सेल्फी पॉइंटचं उद्घाटन आहे. आता शीट काढली तर रंगाचं काय?”

“आणि काबरीचं काय?” रियाचा आवाज चढला.

“शिवाय काढणार कोण? प्लंबर बुधाजी जासईला घरी गेलाय. दिवाळी झाल्याशिवाय येत नाही तो.”

दार बंद. रिया जिन्यातच उभी राहिली, कान लालबुंद. रंगाचं काय, म्हणे! भिंतीच्या रंगाची काळजी करणाऱ्या माणसाला भिंतीतल्या जिवाची जरासुद्धा नसावी?

परेशच्या बाबांनी रात्री जेवताना सेक्रेटरींना फोन केला. “मीटिंगमध्ये बघू,” असं उत्तर आलं. बाबांनी सरळ फायर ब्रिगेडला फोन लावला. तिकडून सांगितलं, एका गोदामाला आग लागलीय, गाडी मोकळी झाली की पाठवतो. परेश स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला, तर स्क्रूंची डोकी लांबीखाली गडप. हातोडा घ्यावा तर शीट आत कोसळणार, आणि आत कोण कुठे बसलंय कोणाला ठाऊक!

सकाळपर्यंत गाडी आली नाही, आणि पिल्लाने सिरिंजही तोंडात घेतली नाही. रियाने थेंब ओठावर लावला, तो तसाच खाली ओघळला. बाटली गरम होती, कापूस ओला होता, सगळं सांगितल्यासारखं केलं होतं. तरीही पिल्लू मान टाकून पडलं होतं.

“हे मरेल,” रिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाने थरथरत होता. “याची आई एका मजल्याच्या अंतरावर आहे आणि हे मरेल! का? तर पंखांसमोर उभं राहून फोटो काढायचेत!”

दुसऱ्यांदा बेल वाजवली. या वेळी काकांनी दार उघडलंच नाही. “मुलांनो, मी बिझी आहे,” आतूनच म्हणाले.

अफशीन जिन्याच्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, “आमच्या बाथरूमच्या छताला डाग पडला होता ना, तेव्हा आठवतंय? अब्बूंनी नुसतं ‘लीकेज’ म्हटलं, तर काका लुंगीवर धावत आले होते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

खरंच, त्या सोसायटीत लिफ्टमध्ये माणूस अडकला तरी लोक ‘बघू, बघू’ म्हणायचे. पण लीकेज! हा शब्द नुसता उच्चारला की वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळी दारं उघडायची.

“पन खोटं बोलायचं?” परेश म्हणाला.

“खोटं कशाला? आपण फक्त विचारायचं,” अफशीन म्हणाली.

दमयंतीकाकूंकडून चहाचा उरलेला चोथा आला. काकूंनी ‘कशाला’ असं एकदाही विचारलं नाही, उलट इस्त्रीची फवारणीची बाटली स्वतः धुऊन दिली. चहाचं पिवळट पाणी तिच्यात भरलं. परेशने पार्किंगच्या तोंडाशी पहारा दिला आणि रियाने शीटच्या बाजूच्या भिंतीवर, जिथून आत थेंबही जाणार नाही अशा जागी, नव्या गुलाबी रंगावर फवारा मारला. पुन्हा मारला. ओघळ उतरले. तळाशी छान पिवळा, घाणेरडा डाग पसरला.

मग अफशीनने तिसऱ्यांदा बेल वाजवली. गोड आवाजात म्हणाली, “काका, सेल्फी पॉइंटच्या भिंतीला ओल आलीय. कसली असेल हो?”

दार धाडकन उघडलं!

“ओल? कुठे? किती?” चारुदत्तकाका एका पायात चप्पल घालून धावले. डाग पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. बोट फिरवलं, नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं. “ड्रेनेज! नक्की ड्रेनेज! लीकेज आहे, लीकेज! माझ्याच फ्लॅटखाली!”

आणि त्यांनी फोन लावला. “बुधाजी, असशील तिथून ताबडतोब ये!”

जासईला गेलेला, दिवाळीशिवाय न येणारा बुधाजी काकांची दुसरी चप्पल सापडायच्या आत स्कूटरवरून हजर झाला. तो शेजारच्याच बिल्डिंगमध्ये नळ बसवत होता.

“जासई फार जवळ आली काका,” रिया म्हणाली. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

बुधाजीने लांबी खरवडली. स्क्रू एकेक निघू लागले. ‘लीकेज’ ऐकून निम्मी सोसायटी खाली जमली होती. शीट बाजूला झाली तसा कुबट वास आला, आणि अंधारातून दोन डोळे चमकले.

काबरी बाहेर आली. नाकावर सिमेंटची धूळ, पुढच्या पंजांची नखं तुटलेली, बोटांना रक्त. तोंडात एक पिल्लू. एवढी माणसं बघून कुठलीही मांजर पळाली असती. तिने पिल्लू लाल गालिच्यावर ठेवलं, वळून आत गेली आणि दुसरं घेऊन आली. मग मीटररूमकडे बघून ओरडू लागली.

“आई गं!” कोणीतरी म्हणालं, आणि लगेच दहा मोबाइल वर झाले.

“फोन खाली!” अफशीन अशी कडाडली की बुधाजीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. “शरम नाही वाटत? पाणी आणा तिला! पाणी!”

कोणीतरी धावत वाटी आणली. परेश पिल्लाला छातीशी धरून जिना उतरला. रियाने ते गालिच्याच्या कडेला ठेवलं आणि मागे सरकली. त्याला आता त्यांच्या हातांचा वास लागलेला. घेईल का ती?

काबरीने पाणी अर्धवट सोडलं. पिल्लाला हुंगलं. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. मग त्याला पंजाने दाबून असं खसाखसा चाटायला लागली की ते लडबडलं, आणि एकदम चिरकलं. पोटाशी डोकं खुपसून शोधलं, सापडलं, आणि पिऊ लागलं.

रिया तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

“पण लीकेज कुठाय?” आत टॉर्च मारत बुधाजी म्हणाला. “हितं तर सगलं कोरडं हाय.”

“लीकेज नाहीये,” रिया डोळे पुसत उठली. “चहाचं पाणी आहे ते. आम्ही मारलं. मांजर म्हणून तीन वेळा सांगितलं, कोणी आलं नाही. लीकेज म्हटल्यावर सगळे आलात.”

सगळ्यांनी चारुदत्तकाकांकडे पाहिलं.

“मी काल बोल्लो व्हतो साहेब,” बुधाजी मान खाली घालून म्हणाला. “आत मांजर शिरताना बघली, बोल्लो. तुमी बोल्ले, जाईल ती वरून. पन स्क्रू तर मीच मारले.”

“हो, तुम्हीच मारलेत!” रिया त्याच्यावरही उखडली. “नाही म्हणायचं होतं ना!”

दमयंतीकाकूंनी पुढे होऊन तिघांना जवळ ओढलं. “माझी वाघाची पोरं हायत ही. कुनी एक शब्द बोलून बघा त्यांना!” काकूंनी फोन करून बोलावलेल्या रंजिता मॅडम आल्या, काबरीचे पंजे धुतले, तिन्ही पिल्लं तपासली. म्हणाल्या, “हे छोटं जगेल आता. या मुलांनी रात्रभर पाजलं नसतं तर आज आईला द्यायला काही उरलं नसतं. शाब्बास!” टाळ्या वाजल्या. काल ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, ते तर जास्तच जोरात वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर चारुदत्तकाका रियाजवळ आले. एका पायात अजूनही चप्पल नव्हती.

“माझं बाथरूम त्या डक्टला लागूनच आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “काल रात्री मला ऐकू आलं होतं. मी नळ सोडून ठेवला, आवाज येऊ नये म्हणून.”

रिया रागाने सरकून त्यांच्या आणि काबरीच्या मधे उभी राहिली.

काका वळले. “बुधाजी, ही शीट परत लागणार नाही. वर कबुतरांना जाळी लाव. खाली हिला जायला-यायला वाट ठेव.” मग पुन्हा मुलांकडे बघून घसा खाकरला. “तुम्ही तिघं फार शहाणी मुलं आहात. आम्ही मोठी माणसं… आम्ही नाही शहाणे.”

“ते आम्हाला कालच कळलं, काका,” रिया म्हणाली.