सकुबाईंची बिनआवाजाची मालिका

"रविना, चित्र आलं काय गो?"

कौलांवर डिशची छत्री धरून बसलेल्या शेजारच्या पोराने खाली न बघताच हाक दिली. अंगणात रविना नव्हतीच. होती मनस्वी… सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन वाशिंदहून धसईला आलेली, सकुबाईंचं घर विचारायला थांबलेली. तिने खिडकीतून आत डोकावलं.

"आलं… पण आवाज नाही."

"आवाज नको त्यांना." मग त्याने खाली पाहिलं, आणि बघतच राहिला. छत्री हलली. आतून बायका ओरडल्या, "भगीरथ, घालवलंस ना चित्र!"

मनस्वीला हसू आवरेना.

ती कल्याणच्या कॉलेजात जनसंवादाचं एम.ए. करत होती. टीव्ही दाखवतो तेच खेड्यातला प्रेक्षक खरं मानतो, हे तिच्या सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तिने फक्त सिद्ध करायचं होतं. तीन दिवसांत चाळीस फॉर्म भरून झाले. घरं दाखवायला भगीरथ आपणहून सोबत फिरला. मालिकेतल्यासारखं वागता? हो. जाहिरातीवर विश्वास आहे? हो. सगळीकडे हो! पहिला वर्ग हातात आल्यात जमा होता.

"एक सांगू? रागावणार नाय ना?" एस.टी.ची वाट बघताना भगीरथ म्हणाला.

"आणि रागावले तर?"

"तर… रागात पण छानच दिसशील म्हणा. पण बायकांना वाटलं, तुझा फॉर्म सरकारी योजनेचा. नाय म्हटलं तर नाव कापतील, म्हणून सगळ्यांनी हो ठोकलं."

मनस्वी चिडलीच. त्याच्यावर, बायकांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. सादरीकरणाला आठच दिवस उरले होते. फॉर्म तसेच दिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मग खरं काय आहे?"

"उद्या संध्याकाळी सातला ये. फॉर्म आणू नको."

दुसऱ्या दिवशी सकुबाईंकडे बायका वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. समोर मालिका, आवाज बंद. पडद्यावरच्या सासूने हात उगारला, तशी सकुबाई कडाडल्या, "शेतावर चल म्हटलं का तुझं डोकं दुखतं!" त्यांची सून रविना पडद्यावरच्या सुनेच्या वतीने उसळली, "आधी तुमच्या लेकाला पाठवा शेतावर!" आणि खऱ्या सासू-सुना पोट धरधरून हसल्या.

"त्यांचं काय ऐकायचं, पोरी? रोज तेच. आमचं आमी बोलतो," सकुबाई म्हणाल्या.

वर्गात जांभया देत ऐकलेला सिद्धांत मनस्वीला आठवला: पाठवणारा एक अर्थ भरतो, घेणारा आपल्या आयुष्यातून दुसराच काढतो. तो इथे चक्क शेंगा सोलत बसला होता! भगीरथ मात्र दारात उभा राहून पडदा सोडून तिच्याकडेच बघत होता. तिला ते कळत होतं… आवडतही होतं.

तिने चाळीसच्या चाळीस फॉर्म बाद केले आणि बायकांना विचारून त्यांचे आवाज टिपून घेतले. सर भडकले. "नापास झालीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

सादरीकरणाला भगीरथ स्पीकर उचलून आला. मागोमाग नटूनथटून सकुबाई आणि रविना. पडद्यावर मालिका, स्पीकरमधून धसई. सभागृह खदखदून हसलं. फॉर्म का बाद केले आणि ते कुणामुळे कळलं, तेही मनस्वीने सांगून टाकलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेवटी म्हणाल्या, "हाताशी आलेली उत्तरं फेकून द्यायला धाडस लागतं. पहिला वर्ग नक्की. एकच शंका आहे. फॉर्म खोटे आहेत हे ज्यांनी सांगितलं, त्यांच्याशी तुमचं नातं काय? संशोधनात हे लपवायचं नसतं."

मनस्वीने मागच्या रांगेकडे पाहिलं. 

"नातं अजून काही नाही, मॅडम. पण मला तो आवडतो… खूप आवडतो. अहवालात लिहू का?"

सर टेबलाकडे बघू लागले. सकुबाईंनी भगीरथच्या पाठीत गुद्दा घातला. "अरे, बोल ना रे!"

तो उठला. कान लालबुंद झाले होते.

"लिहा, मॅडम," तो म्हणाला. "माझ्याकडून पण लिहा."

परीक्षक बाईंनी पेन उघडलं आणि खरंच लिहिलं.