तारेतली वाट

लढाईहून परतल्यापासून मेजर एनियस टल्लक फाटक लावेना. मेंढ्यांच्या मुलखात उघडं फाटक म्हणजे केवढा गुन्हा! एकाची मेंढरं दुसऱ्याच्या गव्हात शिरली की जन्माची बोलचाल बंद होते. त्या संध्याकाळी शेजारचा बर्ट पेंगेली मेजरच्याच मेंढ्या हाकलत आला तो भडकूनच.

“दोन-दोन महायुद्धं लढलात मेजर, अन् एक फाटक लावता येत नाही तुम्हाला?”

मेजर फाटकाबाहेरच्या गवताकडेच बघत राहिला. शेवटी बर्टच ओशाळला आणि टोपीला हात लावून निघून गेला. कारण सगळ्या गावाला माहीत होतं.

पहिल्या लढाईत, फ्रान्सच्या खंदकात, एनियस पोरसवदा अधिकारी होता. गस्तीवरची माणसं परतायची तेव्हा काटेरी तारेतल्या वाटेशी तो स्वतः उभा राहायचा. काळोखात तोंडं दिसत नसत, म्हणून प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून आत घ्यायचा. शेवटचा आला की मगच तार बंद. दुसऱ्या लढाईत, न्यू गिनीच्या जंगलात, केस पिकले तरी रीत तीच होती. फक्त एकदा शत्रू अगदी अंगावर आला, आणि एक गडी बाहेर असतानाच त्याला तार बंद करावी लागली. तो गडी म्हणजे त्याचा आणि आयव्हीचा एकुलता एक मुलगा, कीथ. तो परत आलाच नाही.

आयव्हीने नवऱ्याला कधी शब्दानेही दोष दिला नव्हता. पण काळजातली आग अशी थोडीच विझते!

बर्ट गेल्यावर ती फाटकाशी आली. “चल आत. जेवण गार होतंय.”

“शू... येतायत.”

वारा पडला. झाडावरचे काकाकुवे एकदम गप्प झाले. दोन वर्षं पावसाचा टिपूस नव्हता, आणि तरी कुजक्या पानांचा, ओल्या चिखलाचा वास सुटला. वाळक्या गवतात पावलं वाजू लागली... दमलेली, एकामागून एक. एनियसचा हात हवेत जाई, कशावर तरी टेके, पुन्हा खाली येई.

“रोज सगळे येतात गं. तोच तेवढा नाही... आज मी बघून येतो. तू उभी राहा इथं.”

“एनियस, नको...”

“कुणी नसलं तर पोराला वाट कशी कळायची?”

तो बाहेरच्या अंधारात गेला. तिने अडवायला हवं होतं. पण आईच ती! तिने हात पुढे धरला. एकेक गार, ओला खांदा तळव्याखालून सरकत गेला. आणि मग एक किडकिडीत खांदा आला, लहानपणी घोड्यावरून पडून वाकडं जुळलेल्या हाडाचा.

“कीथ! माझ्या राजा...”

खांदा निसटला. मागे स्वयंपाकघराचं दार करकरलं. आयव्ही रडत होती, हसत होती.

“आई,” आतून हलकेच आवाज आला, “फाटक लाव... लवकर.”

“अरे, बाबा बाहेर आहेत तुझे!”

“माहीत आहे... शत्रू अगदी अंगावर आलाय. लाव, आई.”

तिने फाटकावर हात ठेवला. दूर गवतात कुणीतरी धावत येत होतं, धापा टाकत, तिचं नाव घेत... आणि त्याच्या मागून आणखी पुष्कळ पावलं येत होती.